घरचं कोणी येईपर्यंत

“कोनाकडं चालल्या ताई?”

बसंतीबाईने हे विचारलं तेव्हा तिच्या हातातली बादली अर्धी वाकलेली होती आणि ती तशीच राहिली. विमलताई थांबल्या. काखेत धरलेली हिरवी लोखंडी खुर्ची त्यांनी दुसऱ्या काखेत घेतली आणि पदराने कपाळ पुसलं.

“रामधनकडं.”

“असं होय.” बसंतीबाईचा जीव भांड्यात पडला आणि बादलीतलं पाणी कुलरच्या टाकीत.

लोहाऱ्याच्या त्या गल्लीत मे महिन्यात सकाळचे अकरा वाजले की तसंही कोणी बाहेर नसतं. दारं लावलेली, खिडक्यांना ओली पोती, आणि घराघरातून कुलरची घरघर. तरी विमलताई चालू लागल्या की पुढच्या घरांची उघडी राहिलेली दारंही हलकेच लागत, आणि त्या पुढे गेल्या की पुन्हा किलकिली होत. ओट्यावर खेळणारं पोर आतून कोणीतरी दंडाला धरून ओढून घेई. विमलताई स्वतःला सांगत, ऊन आहे, म्हणून लावत असतील. पण मागची दारं पुन्हा उघडताना ऐकू येत, आणि ऊन तर तेवढंच असे.

एका सरकारी दवाखान्यात आया म्हणून त्यांचा जन्म गेला होता. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर चर्चच्या मागच्या एका खोलीत त्या राहत. चालताना हल्ली चपलेचे पट्टे पायांत रुतत आणि काढल्यावर त्यांचे वळ तासन्‌तास राहत. दुसऱ्यांच्या पायांवर बोट दाबून सूज पाहण्यात आयुष्य काढलेल्या या बाईने स्वतःच्या पायावर मात्र अजून बोट दाबून पाहिलं नव्हतं.

खुर्चीची गोष्ट अशी. चर्चच्या भिंतीला लागून मैनाबाई नावाची एक म्हातारी एकटी राहायची. एका रविवारी उपासना चालू असताना ती गेली. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा तिचा हात पाण्याच्या माठाकडे लांबलेला होता आणि माठ हातभर अंतरावर. भिंतीच्या अलीकडे त्या वेळी सगळी मंडळी पेटीतबल्यावर मोठ्याने गात होती. तिने हाक मारली असेल का, हे कोणालाच सांगता येईना. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेश केलाच नाही. एवढंच म्हणाले, की आपण देवाला ऐकू जावं म्हणून गात होतो, आणि शेजारणीचं आपल्याला ऐकू आलं नाही.

त्या दिवशी मंडळीने ठरवलं. आसपासच्या गल्ल्यांत, घर कोणाचंही असो, दिवसा घरचे कामावर गेल्यावर आजारी माणूस एकटं पडता कामा नये. आपल्यातलं कोणीतरी जाऊन त्याच्यापाशी बसायचं. औषध द्यायचं नाही, बायबल न्यायचं नाही, घरात काही खायचं नाही. नुसतं बसायचं. गरिबाच्या घरात बसायला मागावं लागू नये म्हणून घडीची एक खुर्ची सोबत न्यायची. तिच्या पाठीवर चर्चचं नाव होतं. लोकांच्या मनात भलतं काही यायला नको म्हणून पाळकसाहेबांनी ते स्वतःच खरवडून काढलं. आणि एक नियम विमलताईंनी घातला, दवाखान्यातला. माणूस गेलं तरी घरचं कोणी येईपर्यंत खुर्ची सोडायची नाही. घरी परतणाऱ्याला आपलं माणूस एकटं पडलेलं दिसू नये.

सुरुवातीला बसणारे बरेच होते. मग कोणाचे गुडघे, कोणाची नातवंडं, कोणी पुण्याला मुलाकडे. उरल्या विमलताई. आणि बसायला बोलावणं यायचं ते डॉक्टरांनी हात टेकल्यावरच, त्यामुळे त्या बसल्या आणि माणूस उठून हिंडू लागलं असं कधी झालं नाही. गल्लीने त्याचा अर्थ गल्लीच्या पद्धतीने लावला. ताई येते म्हणून माणूस जातं असं तोंडावर कोणी म्हणत नसे. खुर्ची आली, एवढंच म्हणत.

रामधनच्या घरी मुलगा आणि सून दोघंही कंपनीत. विमलताईंनी खुर्ची उघडली, पलंगाजवळ लावली, वाटीत पाणी आणि स्वच्छ फडकं घेऊन बसल्या. म्हातारा डोळे मिटून होता. दुपार वर चढली. कुलरची वीज गेली आणि खोलीत एकाएकी इतकं शांत झालं, की छपराचे पत्रे तापताना तडतडतात तेही ऐकू येऊ लागलं.

तेव्हा खुर्ची वाजली. कर्र. कोणी बसताना वाजते तशी. विमलताई तर हलल्याही नव्हत्या.

“कोन बसलं?” रामधनने डोळे न उघडता विचारलं.

“मीच आहो, बाबा.”

“तुमी त सकाळपासून बसून आहा.” तो जरा थांबला. “आत्ता कोन बसलं?”

हा आवाज विमलताईंनी याआधीही ऐकला होता, दुसऱ्या घरांत, आणि कोणाला सांगितला नव्हता. लोखंड आहे, उन्हाने फुगतं, असं त्या मनाशी म्हणत. त्यांनी फडकं ओलं करून म्हाताऱ्याच्या ओठांवर ठेवलं. तासाभराने त्यांनी त्याचे डोळे नीट मिटले आणि मुलगा येईपर्यंत तिथेच बसून राहिल्या. तो आल्यावर उठल्या, तेव्हा खुर्चीच्या बिजागरीतला रिवेट तुटला आणि ती एका अंगाला कलली.

वेल्डिंगचं काम म्हटलं की गल्लीत मन्सूर. पुढे टिनाखाली त्याचं दुकान, मागे घर. त्याची बायको हजराबी ही विमलताईंची जुनी मैत्रीण. तिची शमा जन्मली तेव्हा पोर रडलंच नव्हतं. वॉर्डात विमलताईंनीच तिला पालथं धरून पाठ चोळचोळ चोळली आणि रडवली. ती शमा आता बाळंतपणाला पुसदहून माहेरी आली होती, आठवा महिना संपत आला होता. हजराबी बाजारात गेली होती. विमलताईंनी खुर्ची मन्सूरच्या हातात दिली आणि घरी आल्या. आपण काय केलं हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्यांच्यासाठी ती मोडकी खुर्ची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी हजराबी त्यांच्या दारात उभी राहिली. डोक्यावर ओढणी नव्हती, पायांत चप्पल नव्हती.

“ताई, तुमची खुर्ची उचला. आत्ताच्या आत्ता.”

“काहून व? काय झालं?”

“तुमी चला त खरं.”

झालं होतं असं, की मन्सूरने नवा रिवेट ठोकला, बिजागरीत तेल सोडलं, खुर्चीला हिरवा रंग मारला आणि वाळायला म्हणून सावलीत उघडून ठेवली. सावली होती ती घराच्या ओसरीत. आणि ओसरीत पलंगावर शमा झोपली होती, पोटावर हात ठेवून. तिच्या उशाशी ती खुर्ची, उघडी, रिकामी, शमाकडे तोंड करून. हजराबी डाळ निवडून बाहेर आली आणि तिला हे दिसलं. त्याआधी गल्लीला दिसलं होतं. बसंतीबाई दोनदा येऊन विचारून गेली होती, घरात कोण आजारी आहे म्हणून.

विमलताई पोचल्या तेव्हा मन्सूर हसत होता. “ताई, हिले समजवा. लोखंड हाय ते. असं काम केलं का आता आवाज करन त माह्यं नाव बदला.” तो खुर्चीवर बसला, उठला, पुन्हा दाणकन बसला. खुर्ची मुकी. “पाह्यलं?” तो उठून चालू राहिलेलं वेल्डिंगचं मशीन बंद करायला दुकानात गेला. मशीन बंद झालं.

आणि रिकामी खुर्ची वाजली. कर्र.

मन्सूर दुकानाच्या दारातच उभा राहिला. हजराबीने विमलताईंचा हात घट्ट धरला, मग आपण कोणाचा हात धरलाय हे कळून सोडून दिला. पलंगावर शमाने डोळे उघडले.

“अम्मी, कोन आलं?”

“कोनी नाई बेटा. ताई आल्या. चालल्याच त्या.”

विमलताईंनी खुर्ची मिटली. ओला रंग त्यांच्या पातळाला लागला. ओसरीच्या पायरीपर्यंत हजराबी सोबत आली आणि खाली पाहत म्हणाली, “ही पुन्हा माह्या दारात आणू नोका. आन् ताई, तुमी बी... शमा मोकळी होईपर्यंत तुमी बी येऊ नोका. राग मानू नोका.”

राग नाही, पण फार लागलं त्यांना ते. जिला पहिला श्वास आपण घ्यायला लावला तिच्या घरची पायरी आपल्याला बंद झाली. त्या खुर्ची काखेत घेऊन चालू लागल्या. गल्लीतली दारं आज लागण्याची वाटही न पाहता आधीच लागलेली होती.

खोलीत येऊन त्यांनी खुर्ची भिंतीला टेकवली आणि तिच्याकडे बघत बसल्या. शकुन-अपशकुन आपल्यात नाहीत, हे पाळकसाहेब दर पावसाळ्यात एकदा तरी सांगत आणि विमलताई मान डोलवत. पण मान डोलवणं वेगळं आणि आपल्या कानांनी ऐकणं वेगळं. रामधनच्या घरी वाजली, आणि तासाभरात तो गेला. आता ती शमाच्या उशाशी वाजली होती. तिच्या पोटात आणखी एक जीव होता. एवढ्या वर्षांत खुर्ची कधी रिकाम्या हाताने परत आली नव्हती.

त्यांनी प्रार्थना केली. नेहमीची नाही, ती येईना. “पोरीले नको,” एवढंच त्या म्हणाल्या. “घ्यायचंच असन त मी हाय.”

मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. देवाशी का कोणी असं बोलतं, बाजारात बोलल्यासारखं? तरी त्या उठल्या, खुर्ची उघडली, स्वतःच्या पलंगाजवळ लावली, जशी दुसऱ्याच्या लावत तशी, तोंड उशीकडे करून. आणि पलंगावर आडव्या झाल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी आपल्या नडगीवर बोट दाबलं. खड्डा पडला. भरून यायला फार वेळ लागला.

रविवारी त्या उपासनेला दिसल्या नाहीत तेव्हा पाळकसाहेब धावत आले. त्यांनी डॉक्टर आणला. डॉक्टर मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले, विमलताईंनी मान हलवून नाही म्हटलं. हृदय आणि मूत्रपिंडं दोन्ही थकली की पुढे काय होतं हे त्यांनी डॉक्टरपेक्षा जवळून पाहिलं होतं. पाळकसाहेबांकडे आणखी गावं होती. ते सकाळ-संध्याकाळ येऊन जात. मंडळीतल्या रुखमाबाई दुखऱ्या गुडघ्यांनी पेज घेऊन येत. आणखीही कोणी कोणी येई. कोणी उभं राहून बोले, कोणी पलंगाच्या कडेवर टेके, कोणी खाली बसे. मंडळीत कोणाचाच अपशकुनावर विश्वास नव्हता. फक्त खुर्चीवर कोणी बसत नव्हतं.

रुखमाबाईंनी एकदा ती मिटून ठेवायला हात पुढे केला.

“राहू द्या,” विमलताई म्हणाल्या.

उन्हं चढली की सगळे निघत. उन्हाचं निमित्त खरंच होतं. मग दिवसभर खोलीत त्या आणि ती खुर्ची. खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा हळूहळू खुर्चीच्या बैठकीवर चढे, तिथे थोडा वेळ राही आणि पाठीवरून उतरून जाई. पाठीवर नाव खरवडलेली जागा नव्या रंगाखालूनही खडबडीत दिसे. इतक्या घरांत आपण बसलो, विमलताईंच्या मनात येई, आणि आपल्यापाशी मात्र ही नुसतीच उभी. मैनाबाईच्या माठाचं अंतर त्यांना आठवे. त्या आपला तांब्या पलंगाच्या अगदी कडेला ओढून घेत. एकट्याने मरायची त्यांना भीती वाटत होती. एवढी मरणं पाहूनही वाटत होती.

शमा यवतमाळच्या दवाखान्यात मोकळी झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. रुखमाबाईंनी ही बातमी सांगितली तेव्हा विमलताई भिंतीकडे तोंड करून हसल्या, आणि नंतर त्यांनी पेज घेतली नाही.

हजराबी लेकीला घेऊन घरी आली त्या दिवशी बसंतीबाई बाळ पाहायला आली. बाळाची दृष्ट काढून झाली. मग दाराकडे एक नजर टाकून ती हळूच म्हणाली, “ताईचं काई खरं नाई, भाभी. मी खिडकीतून पाह्यलं. खुर्ची उघडून ठेवली हाय पलंगापाशी. आन् कोनीच नाई बसलं.”

“कवापासून?”

“तुमच्याकडून नेली ना, त्याच दिसापासून.”

हजराबीने मांडीवरचं बाळ शमाच्या कुशीत ठेवलं, डोक्यावर ओढणी घेतली आणि भर दुपारी बाहेर पडली.

“कोनाकडं चालल्या भाभी?” बसंतीबाईने ओट्यावरून विचारलं. सवयीनेच विचारलं तिने.

“ताईकडं.”

खोलीच्या उंबऱ्यावर हजराबी थबकली. आत उन्हाचा पट्टा खुर्चीवर आला होता. पलंगावरच्या बाईचा चेहरा सुजून ओळखू येईनासा झाला होता.

“पोरगी कशी हाय व?” विमलताईंनी विचारलं. आवाज तेवढा तोच होता.

“चांगली हाय. नाक जरासं बसकं हाय.”

“चोळत जा रोज, तेल लावून. नाक येईन वरती.”

“ताई, असं काहून केलं?”

“कसं?”

हजराबीने खुर्चीकडे पाहिलं.

“पाय त आधीपासूनच सुजले होते माहे. खुर्चीचं काई नाई त्यात.”

“मंग उघडून कायले ठेवली?”

“कोनी बसाले आलं त असावी,” विमलताई म्हणाल्या.

हजराबीला रडू आलं. ते तिने तसंच आत दाबलं, कारण एकदा रडू फुटलं तर ती तिथून पळून गेली असती. घरी ओली बाळंतीण होती, तान्हं होतं, आणि आपण परत जाताना सोबत काय घेऊन जाऊ कोण जाणे. तिने आत पाय टाकला, अल्लाचं नाव घेतलं आणि खुर्चीवर बसली.

खुर्ची वाजली नाही.

“लय बोलाचं नाई,” विमलताईंनी तिला शिकवायला घेतलं. “फडकं ओलं कराचं, पाणी पाजाचं नाई. ठसका लागते. हात धराचा त मनगट नाई, पंजा धराचा. आन् झोप लागली मले, त उठून जाऊ नको.”

“नाई जात.”

“घरचं कोनी येईपर्यंत...” त्या म्हणाल्या आणि मध्येच थांबल्या. आपल्या बाबतीत हा नियम कसा लागू करायचा, हे बहुधा त्यांना सुचलं नाही. त्यांनी डोळे मिटले.

दुपार कलली. उन्हाचा पट्टा हजराबीच्या मांडीवरून खांद्यावर गेला. बाहेर सगळ्या गल्लीचे कुलर एकदम बंद पडले, वीज गेली. त्या शांततेत हजराबी जागच्या जागी आखडून बसली, कारण आता काय होणार हे तिला ठाऊक होतं.

कर्र.

तिच्या खालीच. ती केसभरही हललेली नव्हती. पाठीला पाठ लावून कोणीतरी टेकून बसावं तसं तिला वाटलं. मागे वळून पाहायचा धीर झाला नाही.

“उठली काय व?” विमलताईंनी विचारलं, अगदी हळू.

“नाई ताई. बसली आहो.”

विमलताईंनी मान डोलवली. त्यांना सगळं समजल्यासारखं वाटलं. विमलताईंनी शिकवल्याप्रमाणे हजराबीने फडकं ओलं केलं, ओठांवर ठेवलं, आणि पंजा हातात घेतला. तो बराच वेळ उबदार होता.

एमआयडीसीचा पाचचा भोंगा झाला. वीज आली, कुलर सुरू झाले. मन्सूर तिला शोधत आला आणि दाराबाहेर थांबला. पलंगाकडे पाहिल्यावर त्याला सांगायची गरज पडली नाही. घरी ते दोघं आपसात हिंदीत बोलत, तसाच तो बोलला.

“चल. घर चल. मैं पादरीसाहब को बुलाता.”

“कैसे चलूँ? इनके घर का कोई आया नहीं अभी.”

“इनका कौन है आनेवाला?”

हजराबीने खुर्चीवरून त्याच्याकडे पाहिलं. हातातला पंजा तिने सोडला नव्हता.

“तुम अंदर आओ.”

मन्सूर जरा घुटमळला. मग त्याने चपला काढल्या, डोक्यावर रुमाल घेतला, आणि आत येऊन पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. तेव्हा हजराबी खुर्चीवरून उठली.